विश्लेषण : फ्रेंच ‘कालांबूर’ आणि सोलापूरचे रामजोशी... शब्दांच्या खेळाची किंमत कोणी मोजली?

फ्रेंच भाषेत हिरवा रंग, पाण्याचा पेला, मातीतली अळी आणि कवितेची ओळ यांचे शब्द लिहिताना वेगळे, पण बोलताना चारही ‘व्हेर’ असेच ऐकू येतात. शब्दाच्या शेवटची व्यंजने गिळायची या भाषेची सवय आहे. त्यामुळे सारखे ऐकू येणारे शब्द तिथे ढिगाने आहेत आणि विनोदी माणसाची चंगळ आहे. सिंड्रेलाच्या काचेच्या चपलेवरही याच ‘व्हेर’मुळे वाद झाला. शार्ल पेरो यांनी १६९७ मध्ये ही गोष्ट छापली तेव्हा चप्पल काचेची होती. पुढे कादंबरीकार बाल्झाक यांच्यासारख्यांनी शंका काढली की मूळ शब्द खारीच्या लवेचा असावा, कारण तोही ‘व्हेर’च.

सोलापूरला अशा कोट्यांसाठी एका भाषेवर अवलंबून राहावे लागत नाही. मराठीत ऊर म्हणजे छाती, संस्कृतात ऊरु म्हणजे मांडी आणि कानडीत ऊरु म्हणजे गाव. तीन भाषा जाणणारा माणूस एवढ्यावर किती गोंधळ उडवू शकतो, याची कल्पना केलेली बरी. अशा माणसाचे नाव मराठी शाहिरीच्या इतिहासात ठळक आहे : राम जगन्नाथ जोशी, म्हणजेच शाहीर रामजोशी.

रामजोशी कोण होते?

जन्म सोलापूरचा, १७६२ च्या सुमाराचा. घर जोशीपणाचे, म्हणजे पंचांग, मुहूर्त, पुराण आणि दक्षिणा यांवर चालणारे. थोरले बंधू मुद्गल हे नावाजलेले पुराणिक. धाकट्यानेही पोथी सोडून बसावे, यजमान सांभाळावेत, एवढीच घराची अपेक्षा होती.

त्या काळचे सोलापूर हे भाषांच्या सीमेवरचे गाव. इथले ग्रामदैवत सिद्धेश्वर. पण बाराव्या शतकातल्या या संतांची वचने कानडीत आहेत. राज्यकारभार मराठीतला. किल्ला बहमनी काळातला, आणि शिपाई, अत्तरवाले, कारागीर यांच्या तोंडी दख्खनी हिंदुस्तानी. घरात संस्कृतचे पाठांतर. नावाचीही गंमत अशी की ‘सोला’ म्हणजे सोळा, म्हणून सोळा गावांचे मिळून सोलापूर, अशी व्युत्पत्ती वर्षानुवर्षे सांगितली गेली. जुन्या लेखांत मात्र गावाचे नाव सोन्नलगे असे येते. एका भाषेतला आवाज दुसऱ्या भाषेच्या कानाने ऐकला की असे होते.

अशा गावात वाढलेल्या मुलाला चार भाषा शिकवाव्या लागत नाहीत. दूधवाल्याच्या तोंडचे कानडी ‘हालु’ घाईत ‘हाल’ असे ऐकू येते. हिंदुस्तानीत हाल म्हणजे ख्यालीखुशाली, मराठीत हाल म्हणजे हालअपेष्टा. दुधाची चौकशी, तब्येतीची चौकशी आणि दुःखाची चौकशी एका शब्दात होते. कानडीत ‘मने’ म्हणजे घर, मराठीत ‘मने’ म्हणजे अंतःकरणे. ही उदाहरणे रामजोशींच्या रचनेतली नव्हेत, पण ज्या मातीत त्यांचा कान तयार झाला ती माती अशी होती.

घर का सुटले?

सोलापुरात धोंडी शाहिराचा फड होता. डफ, तुणतुणे, झील धरणारे साथीदार आणि रात्रभर चालणाऱ्या लावण्या. जोशांचा राम त्या फडाभोवती घुटमळू लागला, मग धोंडीसाठी लावण्या रचू लागला. पुराणिकाचा भाऊ तमाशात लिहितो ही गोष्ट गावात लपणारी नव्हती.

आज लावणी रंगमंचावर आणि दूरचित्रवाणीवर प्रतिष्ठेने सादर होते, म्हणून त्या काळचा धक्का लक्षात येत नाही. ब्राह्मण घरातल्या मुलाने तमाशात उभे राहणे म्हणजे पंगतीतून उठणे. त्याचा परिणाम एकट्यावर होत नसे. घराचे यजमान तुटत, सोयरिकी अडत. मुद्गलांची बाजू इथे समजून घ्यायला हवी. त्यांचे पोट लोकांच्या विश्वासावर चालत होते. त्यांनी धाकट्या भावाला घराबाहेर काढले, असे रामजोशींचे सगळे चरित्रकार सांगतात.

घर सुटलेला तरुण सरळ फडात गेला असता तर आज त्याच्याविषयी लिहावे लागले नसते. तो गेला पंढरपूरला, सोलापूरहून सुमारे ७० किलोमीटरवर, संस्कृत शिकायला. तिथल्या बाबा पाध्ये यांच्याकडे त्याने अध्ययन केले, असे परंपरेने सांगितले जाते. व्याकरण, काव्य, अलंकार हे सारे त्याने तिथे आत्मसात केले. सोलापूरला परतला तो शास्त्र जाणणारा पंडित होऊन. काही काळ कथा-कीर्तन केले. पण डफ काही सुटला नाही. पुढे त्याने स्वतःचा फड उभा केला. त्या फडातल्या बया या गायिका-नर्तकीचे नाव त्यांच्या चरित्राशी कायमचे जोडले गेले आहे.

इथे खरी मेख आहे. तमाशात जाण्याने पंडित दुखावले, पण त्याहून जास्त ते दुखावले असणार ते या माणसाने पाठशाळेतली हत्यारे तमाशात नेली म्हणून.

ही हत्यारे कोणती?

पहिले म्हणजे नाद. ढोंगी साधूंची खिल्ली उडवणारी रामजोशींची एक रचना अनेकांना शाळेपासून माहीत आहे. तिच्यात ‘ट’ हे अक्षर एकामागून एक असे आदळते की डफावरची थाप शब्दांतूनच ऐकू यावी. अर्थ कळण्याआधी कान हसतो. उपदेशपर रचनेत एवढी मस्ती कोणी केली नव्हती.

दुसरे श्लेष. ‘कर’ म्हणजे हात, सरकारी पट्टी आणि ‘काम कर’मधला कर. एकच शब्द वाक्यात ठेवायचा आणि ऐकणाऱ्याने ज्या दाराने आत यायचे त्या दाराने यावे. शब्द तोडून नवा अर्थ काढला तर तो सभंग श्लेष. आपण रोजच्या बोलण्यात याला कोटी म्हणतो. हा शब्दही कोटीच आहे, कारण तो शंभर लाखांनाही चालतो.

तिसरे छेकापन्हुती. नाव अवघड, प्रकार सोपा. एक सखी दुसरीला सांगते : काल रात्रभर तो जवळ होता, कानाशी गुणगुणत होता, अंगाला झोंबला, डोळ्याला डोळा लागू दिला नाही. दुसरी विचारते, कोण गं, तुझा प्रियकर? पहिली म्हणते, छे, डास! ऐकणाऱ्याला आधी एका वाटेने न्यायचे आणि शेवटच्या पावलावर वाट बदलायची. उत्तरेत अमीर खुस्रो यांच्या नावावर असलेल्या मुकऱ्या याच जातीच्या. संस्कृत अलंकारशास्त्रात याची व्याख्या सापडते. पण पाठशाळेत व्याख्या पाठ होते, हशा पिकतो फडातच.

आणि चौथे, रामजोशींचे खास : भाषांची मिसळ. त्यांनी संस्कृतात रचना केल्या, तशाच मराठी, कानडी, हिंदुस्तानी आणि संस्कृत एकत्र विणलेल्याही केल्या. हा प्रकार अगदी नवा नव्हता. दोनशे वर्षांपूर्वी एकनाथांनी हिंदू-तुर्क संवादात मराठी आणि हिंदुस्तानी समोरासमोर उभ्या केल्या होत्या. पण तिथे दोन माणसे दोन भाषा बोलतात. रामजोशींच्या मिश्र रचनेत भाषा एकाच लावणीत हातात हात घालून नाचतात. सोलापूरच्या श्रोत्याला त्यासाठी दुभाष्याची गरज नव्हती.

फ्रान्समध्ये याच वेळी काय चालले होते?

रामजोशी लहान असताना पॅरिसमध्ये ‘कालांबूर’ची, म्हणजे कोट्यांची, साथ आली होती. तिचा म्होरक्या होता मार्की द ब्येव्र, जन्म १७४७. आजोबा चौदाव्या लुईचे शस्त्रवैद्य, स्वतः राजाच्या सैन्यातला घोडेस्वार. १७७० मध्ये त्याने एक पत्र छापले, ते कोणा ‘कोंतेस तास्यों’ या सरदारणीला उद्देशून. कोंतेस म्हणजे सरदारीण. पण नाव भरभर म्हटले की ‘कोंतेस्तास्यों’ होते, म्हणजे तंटा. याच पत्रात ‘आबे कीय’ नावाचे धर्मगुरू येतात. ‘लाबे कीय’ असे एका दमात म्हटले की त्याची कुबडी होते. आपल्या अलंकारशास्त्राच्या भाषेत हा चोख सभंग श्लेष.

आख्यायिका अशी की राजाने त्याला स्वतःवर कोटी करायला सांगितले. तो म्हणाला, महाराज, आपण विषय होऊच शकत नाही. फ्रेंचमध्ये विषय आणि प्रजाजन यांना एकच शब्द आहे, त्यामुळे नकारही झाला, खुशामतही झाली आणि कोटीही साधली. १७८९ मध्ये, म्हणजे राज्यक्रांतीच्या वर्षी, तो मरण पावला. मरतानाही त्याने स्पा या गावाच्या नावावर कोटी केली म्हणतात : ‘याच पावली निघतो’ असे फ्रेंचमध्ये म्हटले की ‘स्पामधून निघतो’ असे ऐकू येते. खरे-खोटे कोण जाणे, पण लोकांना ते खरे वाटले यातच त्याची ख्याती आली.

ब्येव्रने या खेळापायी काही गमावले नाही. सरदाराच्या तोंडची कोटी ही करमणूक असते, तिच्यामुळे जेवणाची आमंत्रणे वाढतात. रामजोशींची तुलना त्याच्याशी करणे म्हणूनच अपुरे पडते.

मग तुलना कोणाशी?

मोलिएरशी. तो शंभर वर्षे आधीचा. बाप राजाच्या पदरी गाद्या-पडदे शिवणारा मानकरी. ती वंशपरंपरेची जागा मुलाने सोडली, घरचे पोक्लँ हे आडनाव टाकले आणि नाटकमंडळीत गेला. भाषांची मिसळ त्यालाही प्रिय होती. ‘काल्पनिक रोगी’ या त्याच्या शेवटच्या नाटकाच्या अखेरीस एका इसमाला डॉक्टरकीची दीक्षा देतात. हा सारा विधी मोडक्यातोडक्या लॅटिनमध्ये, मध्येच फ्रेंच, मध्येच लॅटिन शेपट्या लावलेले फ्रेंच शब्द. कोणताही रोग सांगा, उमेदवाराचे उत्तर ठरलेले : बस्ती द्या, रक्त काढा, जुलाब द्या. गंभीर भाषेचा अंगरखा घालून पोकळ विद्या कशी मिरवते, हे दाखवायला याहून चांगली युक्ती नाही. आपल्याकडे अडाणी भटजीच्या अशुद्ध संस्कृतवर जे विनोद होतात, त्यांची ही फ्रेंच भावंडे.

१७ फेब्रुवारी १६७३ रोजी, शिवराज्याभिषेकाच्या आदल्या वर्षी, याच नाटकाच्या चौथ्या प्रयोगात, याच विधीच्या प्रवेशात मोलिएरला उबळ आली. प्रयोग त्याने रेटून पुरा केला आणि त्याच रात्री तो गेला. नट म्हणून त्याला ख्रिस्ती दफन नाकारण्यात आले. बायकोने राजाकडे दाद मागितल्यावर रात्रीच्या अंधारात, गाजावाजा न करता पुरण्याची परवानगी मिळाली. पंडितांची भाषा बाजारात आणणाऱ्याला पॅरिसही पंगतीत बसवत नव्हते.

मोलिएर पुढे मराठीत आला. हरि नारायण आपटे यांनी त्याचे ‘मारून मुटकून वैद्यबुवा’ केले. गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संशयकल्लोळ’ मोलिएरच्या नाटकावर आधारलेल्या आर्थर मर्फी यांच्या इंग्रजी नाटकावरून आले. फ्रेंचमधून इंग्रजी, इंग्रजीतून मराठी अशा प्रवासात शब्दांचे खेळ टिकत नाहीत. गोंधळ तेवढा टिकतो. देवलांनी भरपाई स्वतःच्या पदरची केली. त्यांचे पुरुष महिन्यांच्या नावाचे, फाल्गुनराव, अश्विनशेट, भादव्या. आणि बायका नक्षत्रांच्या, कृत्तिका, रेवती. आख्खे पंचांग संशयाने पछाडलेले.

बारामतीत काय घडले?

रामजोशींच्या आयुष्यातला सर्वांत प्रसिद्ध प्रसंग मोरोपंतांच्या भेटीचा. बारामतीचे मोरोपंत म्हणजे त्या काळच्या पंडिती कवितेचा शेवटचा शब्द. पण शब्दांशी खेळण्यात तेही मागे नव्हते. त्यांनी रामकथा पुन्हा पुन्हा नव्या अटी घालून लिहिली. ‘निरोष्ठ रामायणा’त प-फ-ब-भ-म अशी ओठ जुळणारी अक्षरेच नाहीत, म्हणजे ज्याची कथा त्या रामाचे नावही उच्चारता येत नाही. १९६९ मध्ये फ्रेंच लेखक जॉर्ज पेरेक यांनी ‘इ’ हे अक्षर न वापरता कादंबरी लिहिली तेव्हा जगभर नवल झाले. बारामतीला ते नवल पावणेदोनशे वर्षे आधी होऊन गेले होते.

अशा माणसाला रामजोशींच्या लावणीतले संस्कृत ऐकू येणारच. मोरोपंतांनी त्यांना ‘कविप्रवर’ म्हणून गौरवले आणि ही प्रतिभा कीर्तनाला द्या, असा सल्ला दिला, असे सांगतात. रामजोशींनी डफ फोडून टाकला अशीही कथा आहे. कथेवर किती विसंबायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. पण मोरोपंतांच्या आर्या त्यांनी कीर्तनांतून गाऊन गावोगाव पोहोचवल्या. पोथीतल्या आर्या लोकांच्या कानावर घालण्याचे काम घराबाहेर काढलेल्या तमासगिराने केले. मोरोपंत १७९४ मध्ये वारले. रामजोशी पुन्हा फडाकडे वळले.

पुण्यात, फ्रेंचांच्या काळात

१७९६ मध्ये दुसरे बाजीराव पेशवे झाले आणि शाहिरांना पुण्यात बरे दिवस आले. होनाजी बाळा, सगनभाऊ, अनंत फंदी हे सारे याच काळातले. रामजोशींनाही पेशव्यांचा आश्रय मिळाला.

फ्रेंच भाषा तोवर दख्खनमध्ये पोहोचली होती, पण तिची अवस्था गमतीची होती. १७७७ मध्ये सेंट लुबिन हा फ्रेंच वकील पुणे दरबारात येऊन गेला होता. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत निजामाकडे रेमंड आणि शिंद्यांकडे पेराँ असे दोन्ही बाजूंना फ्रेंच सरदार होते. आपल्या लोकांनी फ्रेंचमधला आदरार्थी ‘मस्य’ हा नावाचाच भाग समजून घेतला. बुसीचा ‘मुसाबुसी’ झाला. मस्य रेमंडचा हैदराबादेत मुसलमानांनी ‘मूसा रहीम’ केला आणि हिंदूंनी ‘मूसा राम’. एका परदेशी नावातून दोन धर्मांनी आपापला देव काढला आणि दोघांनाही त्यात गैर वाटले नाही. हैदराबादेतला मूसारामबाग भाग त्याच्याच नावाचा. फ्रेंच ‘गार्द’पासून आलेला ‘गारदी’ तर नारायणराव पेशव्यांच्या १७७३ च्या खुनापासून मराठीत कायमचा बसला. त्याच खुनाच्या आख्यायिकेत ‘ध’चा ‘मा’ झाला. अक्षरांचा खेळ नेहमीच हसण्यावारी जातो असे नाही.

दरबारी आश्रय टिकाऊ नसतो. १८०२ मध्ये होळकरांनी पुणे जिंकले, बाजीराव पळाले आणि त्यानंतरची पेशवाई इंग्रजांच्या तैनाती फौजेच्या आधाराने उभी राहिली. रामजोशींची मिळकत फडातून आली आणि फडातच गेली. १८१२ च्या सुमारास पुण्यात त्यांचे निधन झाले. पेशवाई त्यानंतर सहाच वर्षे टिकली.

नंतर काय उरले?

लावण्या उरल्या, काही बाडांत आणि बऱ्याचशा तोंडी. १९४७ मध्ये राजकमल कलामंदिरने ‘लोकशाहीर रामजोशी’ हा चित्रपट काढला. दिग्दर्शन बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम यांचे, लेखन ग. दि. माडगूळकर यांचे, संगीत वसंत देसाई यांचे. जयराम शिलेदार रामजोशी झाले आणि हंसा वाडकर बया. चित्रपट तुफान चालला, त्याची हिंदी आवृत्तीही निघाली. सुंदरेवरची रामजोशींची लावणी त्यानंतर घराघरात पोहोचली. ज्या घरांनी तमाशाचे नाव काढू दिले नसते त्या घरांतही.

पडद्यावरचा रामजोशी मुख्यतः प्रेमात पडलेला शाहीर आहे. मिश्र भाषेतला रामजोशी त्या मानाने मागे राहिला, आणि त्याला कारणही आहे. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला मध्येच आलेले कानडी समजावून सांगावे लागते आणि समजावून सांगितलेली कोटी मरते. सोलापुरात मंगळवार पेठेपासून सिद्धेश्वराच्या यात्रेपर्यंत दिवसभरात तीन-चार भाषा कानावर पडतात. तिथला माणूस ‘ऊरु’ ऐकून अजूनही आधी गालात हसतो आणि मग विचारतो, कोणत्या भाषेतला?